केफालोनियाचे रस्ते आणि चर्चगेटची लोकल

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही भारतात येणार नाही, हे आईबाबांना कसं सांगायचं याची मी जवळजवळ महिनाभर रंगीत तालीम करत होतो.

इंग्लंडात येऊन सतरा वर्षं झाली. वर्षाला पंचवीस दिवस रजा मिळते. या सतरा वर्षांतली बहुतेक सगळी रजा वसईत गेली. ऑफिसातले गोरे सहकारी जानेवारी उजाडला की एकमेकांना विचारू लागतात, यंदा कुठे? कोणी टेनेरीफ म्हणतो, कोणी मायोर्का, कोणी एखादं ग्रीक बेट. मी म्हणतो, इंडिया. मग ते "वा, मजा आहे बुवा तुझी!" अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात आणि मी हसून मान डोलावतो. आता खरं काय ते परदेशात राहणाऱ्या कोणालाही विचारा. तीन आठवड्यांत चौदा घरची जेवणं, दोन लग्नं, एक मुंज, दाताचा डॉक्टर, बँकेचं केवायसी, सोसायटीचे कागद आणि उरलेल्या वेळात झोप. ते सगळं हवंच असतं, पण त्याला सुट्टी म्हणत नाहीत. गेल्या वर्षी धाकट्याने विचारलं, "बाबा, आपण आजीकडे जातो ती सुट्टी, की माझे मित्र जातात ती सुट्टी?" मला उत्तर सुचलं नाही. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. प्रश्न तिथेच निकालात निघाला.

तर मंडळी, ठरलं. पहिली "तसली" सुट्टी. जागा: एखादं ग्रीक बेट. इंजिनियर असल्यामुळे अर्थातच एक्सेलची शीट उघडली. ग्रीसची माणसांची वस्ती असलेली बेटंच दोनशेच्या वर! रकाने केले: विमान किती तास, मुलांना समुद्र उथळ आहे का, शाकाहारी जेवण मिळेल का, गाडी भाड्याने मिळते का. आम्ही डर्बीला राहतो. इथून अर्ध्या तासावर ईस्ट मिडलंड्स विमानतळ आहे आणि उन्हाळ्यात तिथून काही बेटांना थेट विमानं सुटतात. त्यांतलं एक नाव माझ्या शीटमध्ये सगळ्या रकान्यांत पास होत होतं, केफालोनिया. माझा पासपोर्ट अजून भारताचाच. त्यामुळे शेंगेन व्हिसा, त्यासाठी बँकेचे कागद, पगाराच्या चिठ्ठ्या, विमा हे सगळं ओघाने आलं. ब्रिटन शेंगेनमध्ये कधीच नव्हतं, त्यामुळे इथे इतकी वर्षं राहूनही ग्रीसच्या दारात आपण नवखेच.

व्हिसाच्या अर्जाबरोबर प्रवासाचा कार्यक्रम द्यावा लागतो. तो लिहायला म्हणून मी केफालोनियाबद्दल वाचायला बसलो आणि वाचता वाचता थेट आमच्या वसई स्टेशनावर येऊन पोचलो. कसा, ते सांगण्यासाठी हा लेख.

*

आधी थोडं या सुट्टीच्या सवयीबद्दल. साहेबाला ही सवय काही जन्मजात नव्हती. ती लागली आमच्याच भागात. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या, दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या माणसाने लेस्टर ते लफबरो अशी खास आगगाडी ठरवली. सुमारे ५०० माणसं, भाडं एक शिलिंग, अंतर जेमतेम अकरा-बारा मैल. निमित्त दारूबंदीच्या सभेचं. लफबरो माझ्या घरापासून पंधरा-वीस मैलांवर आहे. त्या एका शिलिंगातून पुढे जगभर माणसांना हिंडवणारा धंदा उभा राहिला. (त्या नावाची कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली तेव्हा जगभर अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना सरकारने विमानं करून परत आणलं.)

कामगाराला आठवडाभराची पगारी रजा मिळावी असा कायदा इथे व्हायला १९३८ साल उजाडावं लागलं. आणि विमानाने समुद्रकाठी जाण्याची चाल त्याहून नवी. १९५० साली व्लादिमीर राइट्झ नावाच्या तरुणाने कोर्सिका बेटावरच्या काल्वी गावात तंबू ठोकले. विमान, तंबू, दोन वेळचं जेवण सगळं मिळून ३२ पौंड १० शिलिंग. त्या काळात नीसचं नुसतं विमानाचं भाडं ७० पौंडांच्या घरात होतं! सरकारने परवानगी देताना अट घातली की फक्त शिक्षक आणि विद्यार्थ्यांनाच न्यायचं. पहिल्या फेरीला अकरा-बारा प्रवासीच मिळाले म्हणतात. पुढे १९६६ साली पौंड अडचणीत आला तेव्हा परदेशी जाणाऱ्याला माणशी ५० पौंडांपेक्षा जास्त खर्च करायला बंदी आली आणि ती १९७० पर्यंत टिकली. आठ डॉलर खिशात घेऊन देश सोडलेल्या आपल्या आधीच्या पिढीला हे ऐकून बरं वाटेल. परकीय चलनाची टंचाई साहेबानेही भोगली आहे.

असो. हे झालं लोक कसे जातात याबद्दल. पण आम्ही जिथे जाणार होतो तिथे इंग्रज सुट्टीच्या आधी दीडशे वर्षं, वेगळ्याच कामासाठी जाऊन बसले होते.

*

ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात कॉर्फू, पाक्सी, लेफ्काडा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस आणि किथिरा अशी सात बेटं आहेत. (किथिरा जरा दूर, दक्षिणेला.) उरलेल्या ग्रीसवर तुर्कांचं राज्य असताना यांच्यावर बहुतेक काळ व्हेनिसचं राज्य होतं. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवलं. मग ही बेटं फ्रेंच, रशियन, पुन्हा फ्रेंच अशी हातोहात फिरली. १८०९ मध्ये इंग्रजांनी केफालोनिया घेतलं आणि १८१५ च्या पॅरिसच्या तहाने सातही बेटं ब्रिटनच्या "संरक्षणाखाली" आली. नाव काय, तर आयोनियन बेटांचं संयुक्त संस्थान. कागदावर स्वतंत्र, प्रत्यक्षात लॉर्ड हाय कमिशनर म्हणेल ती पूर्व दिशा. १८१८ साली आपल्याकडे पेशवाई बुडाली, साताऱ्याला छत्रपतींना गादीवर बसवून शेजारी रेसिडेंट ठेवला, ते डोळ्यांपुढे आणा म्हणजे मामला लगेच कळेल. गंमत म्हणजे केफालोनियावरच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पदाचं नावही रेसिडेंटच होतं.

१८२२ साली केफालोनियाचा रेसिडेंट म्हणून एक माणूस आला. चार्ल्स जेम्स नेपियर.

नाव ओळखीचं वाटलं ना? मलाही वाटलं. लंडनला ट्रॅफल्गार चौकात नेल्सनच्या खांबाच्या दोन बाजूंना दोन सेनापतींचे पुतळे आहेत. एक हॅवलॉक, १८५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढत कानपुरात शिरलेला. दुसरा हा नेपियर, १८४३ मध्ये सिंध जिंकणारा. पाहुणे आले की आम्ही तिथे फोटो काढतो. हे कोण बाबा उभे आहेत हे माझ्या पाहुण्यांना माहीत नसतं. २००० साली खुद्द लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनीही सांगून टाकलं होतं की हे दोन सेनापती कोण ते आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा पुतळे हलवावेत. पुतळे अजून तिथेच आहेत.

तर सिंधच्या या नेपियरने आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं कुठे काढली, तर केफालोनियात. आल्या आल्या त्याने बघितलं की बेट म्हणजे नुसता डोंगर (एनोस पर्वत १६०० मीटरहून उंच, म्हणजे कळसूबाईच्या बरोबरीचा) आणि रस्ता म्हणावा असा नाहीच. एका गावचं तेल दुसऱ्या गावी न्यायचं तर खेचराच्या पाठीवर. त्याने रस्त्यांचा ध्यासच घेतला. डोंगर फोडून मैलोन्‌मैल रस्ते, धक्के, बाजार, न्यायालयाची इमारत, दीपगृह. अर्गोस्तोलीच्या टोकावर गोल खांबांचं एक छोटंसं देवळासारखं दीपगृह आहे, ते त्याच्याच काळातलं, १८२८-२९ च्या सुमाराचं. हा माणूस सकाळपासून घोड्यावर बसून कामावर हजर असे. जमीनदारांशी भांडे, शेतकऱ्यांची बाजू घेई. एका स्थानिक बाईपासून त्याला दोन मुली झाल्या. त्यांतल्या एकीच्या नावातच "केफालोनिया" आहे. त्या मुलींना त्याने टाकलं नाही, आयुष्यभर सांभाळलं. कवी बायरन १८२३ च्या ऑगस्टात ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात पडायला निघाला, तो आधी याच बेटावर उतरून चारेक महिने राहिला. नेपियरशी त्याचं चांगलं जमलं. पुढच्या एप्रिलात बायरन मिसोलोंगीला तापाने गेला.

आता हे सगळं वाचताना मला माणूस आवडायला लागला होता. रस्ते बांधणाऱ्या माणसाबद्दल इंजिनियरचं मत लवकर चांगलं होतं, हा आमचा धंद्याचा दोष. पण पुढच्या पानावर कळलं की रस्ते बांधले कोणी. बेटावरच्या गावकऱ्यांनी. त्यांना ठरावीक दिवस रस्त्याच्या कामावर सक्तीने यावं लागे. येणं नको असेल तर बदली माणूस द्या नाहीतर पैसे भरा. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत तो सुटला. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, वेठ.

*

नेपियरच्या हाताखाली ही कामं प्रत्यक्ष कोण करत होतं? जॉन पिट केनेडी नावाचा रॉयल इंजिनियर्सचा तरुण अधिकारी. जन्म १७९६, आयर्लंडमधल्या डोनेगलचा. माल्टा, कॉर्फू करत तो लेफ्काडा बेटावरच्या कालव्याच्या कामाला लागला आणि १८२२ पासून केफालोनियात नेपियरचा उजवा हात झाला. आखणी, उतार, वळणं, दगडी भिंती हे सगळं केनेडीचं. नेपियरने आपल्या पुस्तकात त्याचं तोंडभरून कौतुक केलं आहे.

१८३० मध्ये नेपियर बायकोच्या आजारपणासाठी रजेवर इंग्लंडला गेला आणि त्याला परत येऊ दिलं नाही. वरिष्ठ होते सर फ्रेडरिक ॲडम, लॉर्ड हाय कमिशनर. दोघांचं पटत नव्हतं. नेपियरने १८३३ साली रागाने भरलेलं एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि केफालोनियासाठी जन्मभर हळहळत राहिला. ॲडमसाहेबांचं काय झालं? त्यांची बदली झाली. कुठे, तर मद्रासला, गव्हर्नर म्हणून, १८३२ ते १८३७. कॉर्फूला राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा अजून आहे. त्यांच्याही आधीचे, पहिले लॉर्ड हाय कमिशनर थॉमस मेटलंड, ते सिलोनचे गव्हर्नर राहून तिकडे आले होते. आमच्या कंपनीत कसं डर्बीहून हैदराबाद, हैदराबादहून सिडनी अशा बदल्या होतात, तसाच प्रकार. फक्त यांची कंपनी जरा मोठी होती.

नेपियर दहा वर्षं इकडे तिकडे राहिला आणि १८४१ च्या अखेरीस मुंबईला उतरला. वय जवळजवळ साठ, मुलींसाठी पैसे जमवायचे होते, तसं तो स्वतः मोकळेपणाने सांगत असे. नेमणूक पुण्याला. म्हणजे केफालोनियाचा रेसिडेंट पुण्याच्या लष्करात येऊन कवायती घेत होता! १८४२ च्या सप्टेंबरात तो आगबोटीने कराचीला निघाला. बोटीवर कॉलरा शिरला, पन्नासाहून जास्त माणसं गेली. आणि १७ फेब्रुवारी १८४३ ला मियानीची लढाई. सिंधच्या अमीरांची बाजू न्यायाची होती आणि आपण करतोय ते धड नाही, हे त्याला कळत होतं असं त्याच्याच लिखाणावरून दिसतं. तरी त्याने केलं. सिंध १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९३६ पर्यंत तो तसाच राहिला. मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांचं कराचीशी नातं जुळलं ते त्यामुळे. (सिंध जिंकल्यावर त्याने लॅटिनमध्ये एका शब्दाची कोटी तारेने कळवली म्हणून जी गोष्ट सांगतात ती खोटी आहे. ती कोटी कॅथरिन विंकवर्थ या मुलीची, पंच मासिकात छापलेली. आणि तेव्हा भारतातून लंडनला तारायंत्रही नव्हतं.)

*

आता केनेडीकडे येऊ. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्याचीच आहे.

केनेडी आयर्लंडला परतला. शेतीचं शिक्षण देणाऱ्या शाळा काढल्या, जमिनीच्या प्रश्नावरच्या सरकारी आयोगाचा सचिव झाला. १८४६ मध्ये बटाट्याच्या दुष्काळात लोकांना काम देण्याच्या व्यवस्थेवर देखरेख केली. आपल्या भाषेत, दुष्काळी कामांवरचा साहेब. १८४९ मध्ये नेपियर हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन निघाला, तेव्हा त्याने आपल्या जुन्या दोस्ताला लष्करी सचिव म्हणून बरोबर घेतलं. केनेडीने इथे काय केलं असेल? रस्ताच! कालक्याहून सिमल्याकडे आणि पुढे तिबेटच्या दिशेने जाणाऱ्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाचं काम त्याने सुरू केलं.

नेपियर डलहौसीशी भांडून परत गेला आणि १८५३ मध्ये वारला. केनेडी मात्र रेल्वेच्या नादाला लागला. तो काही काळ हिंदुस्थान सरकारचा रेल्वे सल्लागार होता. त्याचं एक ठाम मत होतं, रेल्वेला चढ नको. केफालोनिया आणि हिमालयात आयुष्य काढलेल्या माणसाचं हे मत होतं, म्हणजे विचार करा. तेव्हा जीआयपी रेल्वे मुंबईहून सह्याद्री चढून जायच्या विचारात होती. केनेडी म्हणाला, घाट चढता कशाला? किनाऱ्याने सुरतेपर्यंत सपाट जा आणि तिथून तापीच्या खोऱ्याने खानदेशात शिरा. जीआयपीने ऐकलं नाही. त्यांच्या जेम्स बर्कलेने भोर घाट आणि थळ घाट फोडले. ३७ फुटांना एक फूट असा चढ, खंडाळ्याला गाडी उलटी फिरवायची व्यवस्था, आणि कॉलऱ्याने आणि अपघाताने मेलेले हजारो मजूर. भोर घाट १८६३ ला सुरू झाला, थळ घाट १८६५ ला.

आणि केनेडी? त्याने आपल्या सपाट मार्गासाठी स्वतःच कंपनी काढली. तिचा संस्थापक, व्यवस्थापकीय संचालक आणि सल्लागार इंजिनियर तोच. कंपनीचं नाव, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे.

मी लॅपटॉप बाजूला ठेवला. बीबीसीआय! आजची वेस्टर्न रेल्वे. माझ्या बाबांनी ज्या लाइनवर १९७४ ते २००८ अशी चौतीस वर्षं वसई ते चर्चगेट काढली, ती लाइन. केफालोनियातला तो वळणावळणाचा रस्ता आणि आमची विरार फास्ट, दोन्हींचा उगम एकाच माणसाच्या टेबलावर!

केनेडीच्या रेल्वेची एक गोष्ट मला इंजिनियर म्हणून फार आवडली. या मार्गावर नद्या आणि खाड्या किती! नर्मदा, तापी, दमणगंगा, वैतरणा, वसईची खाडी. प्रत्येक पुलाचं वेगळं डिझाइन करत बसण्याऐवजी त्याने साठ फुटांचा एकच लोखंडी गाळा ठरवला. सगळे भाग एकसारखे, विलायतेत तयार करायचे, बोटीने आणायचे आणि जोडायचे. खाली चिखलात स्क्रूसारखे फिरवत रोवलेले लोखंडी खांब. छोटी खाडी असेल तर थोडे गाळे, मोठी असेल तर जास्त. आज आम्ही ज्याला मोठ्या दिमाखाने मॉड्युलर म्हणतो ते हेच. सगळं जमलं असं नाही, नर्मदेच्या पुराने त्या पुलाला पुन्हा पुन्हा दणके दिले आणि शेवटी १८८१ मध्ये तिथे नवा पूल आला. वसईच्या खाडीवर आज दिसतात तेही पूल नंतरचे आहेत. पण रेघ त्याची. अंकलेश्वरहून पहिला टप्पा १८६० मध्ये सुरू झाला, नोव्हेंबर १८६४ मध्ये गाडी ग्रँट रोडला पोचली आणि १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी लोकल धावू लागली. दिवसाला एक!

पैसा कोणाचा, हेही सांगायला हवं. भागधारक लंडनचे. त्यांना ५ टक्के परतावा मिळेल याची हमी सरकारने घेतलेली. नफा झाला नाही तर ती रक्कम भरायची हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसाऱ्यातून. केफालोनियात वेठ हाताने द्यावी लागे, आपण ती साऱ्यातून दिली. दादाभाईंनी पुढे जो हिशेब मांडला त्यात ही हमी होतीच.

*

मग केफालोनियाच्या लोकांना त्यांच्या रस्त्यांबद्दल काय वाटत होतं? त्याचं उत्तर त्यांनी १८४८ आणि १८४९ मध्ये दिलं. बंड केलं. मागणी एकच, आम्हाला ग्रीसमध्ये जायचं आहे. १८४९ च्या ऑगस्टात दक्षिणेकडच्या स्काला भागात उठाव झाला. नवे लॉर्ड हाय कमिशनर सर हेन्री वॉर्ड यांनी लष्करी कायदा लावला. २१ जणांना फाशी, कित्येकांना जाहीर चाबकाचे फटके. युरोपात बोभाटा झाला. नेपियरच्या रस्त्यांवरूनच ही फौज गावागावांत लवकर पोचली असणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही. रस्ता बांधणाऱ्याला, त्यावरून उद्या कोण येणार, ते ठरवता येत नाही.

वॉर्डसाहेबांची पुढची बदली सिलोनला. १८५७ मध्ये त्यांनी तिथल्या गोऱ्या पलटणी हिंदुस्थानात पाठवल्या. १८६० मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले आणि महिन्याभरातच कॉलऱ्याने वारले.

केफालोनियाच्या लोकांनी नाद सोडला नाही. त्यांचा जहालांचा पक्षच होता. १८५० मध्ये त्यांनी आयोनियन विधिमंडळात विलीनीकरणाचा ठराव आणला, तेव्हा विधिमंडळच बंद करण्यात आलं, पुढारी छोट्या बेटांवर हद्दपार झाले. १८५८ मध्ये ग्लॅडस्टनला समजूत घालायला पाठवलं, त्याने सुधारणा देऊ केल्या. लोक म्हणाले, सुधारणा नकोत. शेवटी ग्रीसच्या गादीवर ब्रिटनला चालेल असा राजा आला आणि १८६४ मध्ये सातही बेटं ग्रीसला देऊन टाकली गेली. गोळी न झाडता, तह करून.

१८६४! त्याच वर्षी केनेडीची गाडी ग्रँट रोडला पोचली. एका ठिकाणाहून साहेब सामान बांधून निघत होता आणि दुसऱ्या ठिकाणी रूळ टाकून पक्का होत होता. बेटांचा खर्च लंडनला जड होत होता, आणि हिंदुस्थान आपल्या गुलामीचा खर्च स्वतःच भागवत होता. यापेक्षा मोठं कारण शोधायची गरज मला तरी वाटत नाही.

*

हे सगळं डोक्यात घेऊन शेवटी रविवारी फोन लावला. सुट्टीचं सांगितलं. आई म्हणाली, "जाऊन या की. पण तिकडे जेवायला काय मिळतं?" मी बाबांना केनेडीची गोष्ट सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"म्हणजे त्याला घाट चढायचाच नव्हता?"

"नाही."

"तरीच आमची लाइन सपाट. मध्य रेल्वेवाले पावसात अडकले की आम्ही त्यांना हसायचो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या बेटावरच्या रस्त्याची मजुरी दिली होती का रे लोकांना?"

मी सांगितलं, वेठ होती.

बाबा करमाळा तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात ते बावीस वर्षांचे होते. आमची आजी, म्हणजे त्यांची आई, तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आठवड्याची मजुरी आणि सुकडी मिळायची. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं अशी कामावर होती, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. आजीने खडी फोडलेला रस्ता अजून आहे, आता डांबरी. गावी गेलो की आमची गाडी त्यावरूनच जाते. लहानपणी बाबा तिथे गाडी हळू करायला सांगायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आईला मजुरी मिळाली," बाबा म्हणाले. "कमी मिळाली, उशिरा मिळाली, पण मिळाली. म्हणून आम्ही त्या रस्त्याला आमचा म्हणतो. त्यांना विचार, ते काय म्हणतात."

विचारणार आहे. कार्यक्रम आता पक्का झाला आहे. अर्गोस्तोलीला घर घेतलं आहे. १२ ऑगस्ट १९५३ च्या भूकंपात बेटावरची बहुतेक सगळी गावं जमीनदोस्त झाली, उत्तरेचं फिस्कार्दो तेवढं वाचलं, त्यामुळे जुन्या इमारती फारशा नाहीत. ते दीपगृहही पडलं होतं, मूळ नकाशाप्रमाणे पुन्हा उभारलं आहे. त्याच्याजवळच एक चमत्कार आहे. तिथे समुद्राचं पाणी जमिनीतल्या भेगांत शिरून गडप होतं. १८३५ मध्ये एका इंग्रजाने त्या प्रवाहावर पिठाची चक्की बसवली होती. पाणी जातं कुठे, ते १९६३ पर्यंत कळलं नव्हतं. त्या वर्षी ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकांनी त्यात रंग सोडला आणि तो सुमारे दोन आठवड्यांनी डोंगरापलीकडे, बेटाच्या दुसऱ्या बाजूला मेलिसानीच्या तळ्यात निघाला. धाकट्याला ही गोष्ट इतकी आवडली आहे की तो बरोबर लाल शाई घेणार होता. समजूत घालून थांबवलं आहे.

एक दिवस मात्र माझा. भाड्याची गाडी घेऊन केनेडीच्या जुन्या रस्त्याने डोंगरात जायचं. बायकोने परवानगी दिली आहे, अट एवढीच की उतार मोजायचा नाही.

आणि दिवाळीला वसई. ती तिकिटं आधी काढली, मग ग्रीसची.